लिहून देणार

फॉर्मचा पहिलाच रकाना नावाचा, आणि मी तिथंच अडकते.
पासपोर्टात दोन ई, दहावीच्या दाखल्यावर एक आय.
अब्बा म्हणतात, त्यात काय,
या दोघी एकच बाई आहेत, असं प्रतिज्ञेवर लिहून देऊ.
तीस वर्षं ते हेच करतात,
आधी राजवाड्यातल्या कोर्टाबाहेर, आता विजयनगरला,
घडीचं टेबल, मेणकापड,
डाव्या हाताला शाईचा पॅड, लोकांच्या अंगठ्यांसाठी.

विद्यापीठाला पाचशे शब्द हवेत:
तुम्हाला आमच्याकडं का यायचंय.
चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.
लहानपणापासून मला न्यायाची ओढ, वगैरे.
लहानपणी मला ओढ होती ती गारेगारची.
अब्बांनी चष्मा कपाळावर ढकलला.
आधी चतुःसीमा टाक, म्हणाले,
मजकूर मग आपसूक बसतो.

पूर्वेस मिरजेचा रस्ता.
दक्षिणेस हरिपूर, तिथली हळदीची पेवं,
जमिनीच्या पोटातला पिवळा अंधार.
उत्तरेस माधवनगर, बंद गिरणी,
जिचा भोंगा अम्मीला अजून ऐकू येतो.
पश्चिमेस कृष्णा नदी.

हे शेवटचं त्यांनी हजार दस्तांत टाइप केलंय,
पश्चिमेस नदी,
जणू नदी म्हणजे शेजाऱ्याची भिंत.
पुराच्या वर्षी ती हद्द एका रात्रीत खणभागात आली,
जिना चढली, कपाट उघडलं,
माझी मार्कलिस्ट वाचून सावकाश परत गेली.
वरच्या राज्यानं खालच्याकडं बोट दाखवलं,
खालच्यानं वरच्याकडं.
पत्र्यावर बसलेल्या आम्हाला
पाण्यावर चालणारी बोट हवी होती.
त्या पाण्याला कायद्यात काय म्हणतात, ते मला शिकायचंय.
हे वाक्य ठेवलं. बाकीचं त्याच्या आधारानं उभं केलं.

चौगुले वकिलांनी शिफारस लिहिली:
आज्ञाधारक, वेळेवर येते.
सर, तिकडं हे चालत नाही.
मग काय चालतं? उद्धट?
चिडले, पण दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढवून दिली:
माझ्याशी तीनदा वाद घातला, दोनदा तिचं बरोबर निघालं.
तिसऱ्यांदाही माझंच बरोबर होतं, पण जाऊ दे.

इंग्रजी येतं हे सिद्ध करायला पुण्याला जाऊन आले.
समोर माणूस नाही, कानाला हेडफोन,
एका यंत्राला माझ्या आवडत्या सुट्टीबद्दल सांगितलं.
कधी न घेतलेली सुट्टी, पण व्याकरण शुद्ध.

अर्जाची फी पौंडात.
अब्बांनी रद्दीवर गुणाकार केला,
मग रुपये सोडून म्हणाले, आठ खरेदीखतं.
कार्ड खालाच्या मुलाचं.

तिकडं मध्यरात्री मुदत संपते,
म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाचला.
पाच बाराला बटण दाबलं.
अब्बा वजू करून शेजारी उभे, कोपरापर्यंत ओले.
सही कुठं केलीस?
सही नसते यात.
अंगठा?
नाही, अब्बा.
साक्षीदार तरी? दोन लागतात.
मी पडद्यावरची हिरवी खूण दाखवली.
त्यांनी ती बराच वेळ बघितली, पडताळणीला आलेल्या
कच्च्या दस्तासारखी.

नमाजनंतर त्यांनी लांबडं रजिस्टर काढलं.
अनुक्रमांक दोनशे एकोणीस.
लिहून देणार: तस्लीम इलाही मुजावर.
लिहून घेणार: विलायतेतलं विद्यापीठ.
दस्ताचा प्रकार:
खरेदीखत नव्हे, बक्षीसपत्र नव्हे.
गहाणखत,
इथं पेन टेकलं, कागदावर निळा ठिपका पसरला,
तेही नव्हे.
रकाना मोकळाच सोडून त्यांनी रजिस्टर मिटलं,
टेबल सायकलला बांधता बांधता विचारलं,
त्यांचं उत्तर टपालानं येतं,
का असंच, अंधारात?